सातबाऱ्यावरची पदवी

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं पदवीची किंमत आकड्यांत लिहून दिली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिन्याला ६,००० रुपये विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविका घेतलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. पदवी बीएची की बीएस्सीची, हे योजना विचारत नाही. बारावीनंतर तीन वर्षं जास्त शिकलात, तर महिन्याला ४,००० रुपये जास्त. वर्षाचे झाले ४८,०००.

हा आकडा घेऊन कासुर्डीला जाऊ. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं, की हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागं पडतं आणि यवतच्या अलीकडं कासुर्डी लागतं. तालुका दौंड. बाहेरच्यांना हे नाव माहीत झालं ते टोलनाक्यामुळं. तालुक्यातल्या माणसाला ते ऊस, गुऱ्हाळं आणि कालव्याचं पाणी यांच्या पट्ट्यातलं एक गाव. गेल्या काही वर्षांत नांदूर-सहजपूरच्या बाजूनं कारखाने आणि गोदामं उभी राहिली. पूर्वेला कुरकुंभची एमआयडीसी, भीमेपलीकडं शिरूर तालुक्यात रांजणगावची. म्हणजे बारावी झालेल्या मुलासमोर दोन वाटा एकाच वेळी उघड्या असतात. मोटारसायकलवर बसून ठेकेदाराकडं नाव घालायला जायचं, किंवा उरुळी, केडगाव, दौंड, पुणे यांपैकी कुठंतरी प्रवेश घ्यायचा. प्रवेश कला शाखेत घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आर्ट्सला जाऊन करणार काय?’

या प्रश्नाला बहुतेक वेळा भावनेनं उत्तर दिलं जातं. एक बाजू म्हणते ज्ञानाला मोल नसतं, दुसरी म्हणते बीए म्हणजे कागद. कासुर्डीतल्या घराला यातलं कुठलंच उत्तर पुरत नाही, कारण तिथं पैसा कुणाच्या नावावर, कुठल्या महिन्यात आणि कशाच्या बदल्यात उचलला जातो, यावर सगळं ठरतं. म्हणून आधी हिशेब मांडू.

समजा, दोन एकर ऊस असलेलं घर आहे. एकरी ४० टन धरले, तर ८० टन. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उरलेल्यातून खत, बेणं, पाणीपट्टी, मजुरी. कारखान्याचे पैसे पहिली उचल आणि मग पुढचे हप्ते असे येतात आणि महाविद्यालयाची फी भरायची असते जून-जुलैत. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने रानात उभा. रोख लगेच हवी असेल, तर गुऱ्हाळ जवळचं. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं टिकून आहेत त्याचं एक कारण हेच, की तिथं ऊस घातला तर पैशासाठी फार थांबावं लागत नाही.

या घरातल्या मुलानं उरुळी किंवा केडगावच्या महाविद्यालयात बीएला प्रवेश घेतला, घरून ये-जा केली, तर फी, पुस्तकं, रेल्वेचा पास आणि वरखर्च धरून तीन वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास जातील. अनुदानित महाविद्यालयात बीएची फी आजही काही हजारांत असते. मार्चनंतर शेतात काम असलं, तर मुलगा हाताशीही असतो. कर्ज काढायची पाळी क्वचितच येते.

पण हिशेबात न दिसणारी रक्कम वेगळीच आहे. तेच पोरगं बारावीनंतर कारखान्यात लागलं आणि हातात १२,५०० रुपये पडले असं धरलं, तर ३६ महिन्यांचे साडेचार लाख होतात. ही न मिळालेली मजुरी म्हणजे बीएचा खरा खर्च. आता शासनानं सांगितलेला ४८,००० रुपयांचा वार्षिक फरक घ्या. साडेचार लाख भरून निघायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. बारावीनंतर कामाला लागलेला मित्र गावच्या पारावर बसून हेच सांगतो आणि त्याचं म्हणणं खोटं नाही.

अपुरं मात्र आहे. ठेकेदाराकडची नोकरी अकरा महिन्यांनी ब्रेक घेते आणि मग पुन्हा नव्यानं सुरू होते. पाच वर्षांनी तो मुलगा पुष्कळदा त्याच मशिनवर, जवळजवळ त्याच पगारावर असतो. तलाठी व्हायचं तर पदवी लागते. पोलीस उपनिरीक्षक, राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी या परीक्षांना पदवीशिवाय बसता येत नाही. कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली, तरी आधी पदवी विचारतात. म्हणजे पदवी पगार वाढवते त्यापेक्षा दारं उघडते. त्या दारांपाशी गर्दी किती, हा पुढचा प्रश्न. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या गटातल्या उमेदवाराला अर्जाचे १,००० रुपये होते. एका जागेमागं दोनशेहून जास्त माणसं.

इथं खर्चाचं गणित उलटतं. बीए स्वस्तात होते. बीए झाल्यावरची वर्षं महाग पडतात. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठेतली कॉट बेसिसची खोली, मेसचे दोन वेळचे डबे, अभ्यासिकेची महिन्याची फी, टेस्ट सिरीज, मधूनच कुठल्यातरी क्लासचे हजारो रुपये. काटकसर करून राहिलं, तरी महिन्याला दहा हजारांच्या आत भागणं कठीण. वर्षाचे सव्वा लाख. जाहिरात निघते, पुढं ढकलली जाते, पूर्व परीक्षा होते, निकालाला उशीर होतो, कुणीतरी न्यायालयात जातं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायची ठरवली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. नवी पद्धत २०२५ पासून लागू झाली. बहुतेक पदांसाठी खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ वर्षं आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षी बीए झालेल्याला आणखी सतरा वर्षं ‘यंदा होईल’ म्हणता येतं. घरच्यांनाही ‘यंदा शेवटचं’ असं सांगायला जीभ धजावत नाही.

तयारीच्या या वर्षांना बँका सहसा शैक्षणिक कर्ज देत नाहीत. मग पैसे येतात कुठून? सोसायटीच्या पीककर्जातून. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, त्यामुळं घरातला सर्वांत स्वस्त पैसा तोच. उसाच्या नावावर उचललेल्या रकमेतून पोराची मेस जाते. मार्च आला की नवं-जुनं करायचं: चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने किंवा टक्क्यानं पैसे आणायचे, सोसायटीचं खातं बेबाक करायचं, नवं कर्ज मंजूर झालं की त्याचे त्याला परत द्यायचे. एखाद्या वर्षी ते जमत नाही आणि बिनव्याजी कर्ज थकबाकीत जातं. मग पतसंस्था, सोनेतारण, आईच्या बचत गटाचं कर्ज. या सगळ्याचा बोजा चढतो बापाच्या सातबाऱ्यावर, मंगळसूत्रावर आणि आईच्या हप्त्याच्या वहीत. मुलाच्या नावावर एक रुपयाही नसतो. सरकारी दप्तरात हे शैक्षणिक कर्ज नाहीच. तिथं ते उसाचं किंवा म्हशीचं कर्ज आहे. राज्यात शिक्षणापायी किती कर्ज झालं याची बँकांकडची आकडेवारी कुणी दाखवली, तर कासुर्डीसारखी गावं तिच्यात जवळजवळ दिसणारच नाहीत.

मराठी मुलखात हे नवं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ मध्ये वारले, तेव्हा थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचं शिक्षण सोडून कागल संस्थानात महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळाला पाठवत. निम्म्याहून जास्त पगार. गोपाळराव १८८४ मध्ये बीए झाले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढं फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. त्यांच्या बीएचं कर्ज गोविंदरावांच्या न झालेल्या शिक्षणात आहे आणि ते कुठल्याही खतावणीत नाही. आजही दौंड-शिरूरमध्ये धाकटा पुण्यात अभ्यासिकेत बसतो, तेव्हा थोरला रांजणगावच्या शिफ्टला जात असतो. या थोरल्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण याच्या जोडीला ठेवावंसं वाटतं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानानं त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट होती परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करण्याची. ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास शिकले. परत येऊन बडोद्यात रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना आणि चाकरी सोडावी लागली. पुढं सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये ते अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. शिकलेल्याची कमाई केवळ त्याच्या बुद्धीवर ठरत नाही, बाजार त्याला उभं राहू देतो का यावरही ठरते. कर्जाची अट लिहिताना हे कुणीतरी लक्षात घ्यायला हवं.

आता बँकेच्या शैक्षणिक कर्जाकडं येऊ. इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श योजना २००१ पासून आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी आहे. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालू राहतं. २००९ मध्ये केंद्रानं साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी या काळातल्या व्याजाची सवलत आणली, ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र शिकणारं पोर तितकंच गरीब असलं, तरी बाहेर. राज्यानं २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची पूर्ण फी भरायचा निर्णय घेतला, तोही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना थोडी मोकळी आहे, तारण आणि जामीनदार मागत नाही. पण ती मानांकनात वर असलेल्या संस्थांपुरतीच आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या. गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या साध्या कला महाविद्यालयाला तिचा काय उपयोग?

आणि समजा, मिळालंच कर्ज. एखाद्या खासगी विद्यापीठात बीए, वसतिगृह धरून तीन वर्षांचे दहा लाख. हल्ली अशा विद्यापीठांचे फलक सोलापूर रस्त्यावरही दिसतात, प्रवेशाच्या हंगामात त्यांचे फोन बारावीच्या मुलांना येतात. ११ टक्के व्याज, दर वर्षी सारखी उचल धरली, तर हप्ता सुरू होईपर्यंत ३ लाख ३० हजार व्याज चढतं. तेरा लाख तीस हजार पंधरा वर्षांत फेडायचे, तर महिन्याला सुमारे १५,१०० रुपये. याच मुलानं पुढं दोन वर्षांचं बीएड केलं, परीक्षा दिल्या, माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागला, तर त्याचं मानधन १८,००० रुपये. तेही जानेवारी २०२३ पासून वाढवलेलं, आधी ८,००० होतं. तीन वर्षं हेच. हप्ता भरून हातात उरतात तीन हजारांच्या आत. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण द्यायचं तर शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत आणि गावठाणातल्या घराचे कागद पुष्कळदा पुरे नसतात. त्यामुळं असलं कर्ज कासुर्डीतल्या दोन एकरवाल्याला मिळत नाही. यात त्याचा तोटा नाही, असं मला हा हिशेब मांडल्यावर वाटतं.

हप्त्याची तारीख कमाई बघत नाही, हा आपल्या योजनेतला मोठा दोष. ऑस्ट्रेलियानं १९८९ मध्येच फेडीची गाठ उत्पन्नाशी घातली. इंग्लंडमध्ये २०१२ नंतर फी ९,००० पौंडांपर्यंत गेली, पण ठरावीक उत्पन्नाच्या वर जे मिळेल त्याच्या ९ टक्केच कापले जातात, मिळकत त्याखाली असेल तर काहीच नाही. ते देश फार उदार आहेत असं समजायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियानंच २०२१ पासून मानव्यविद्यांची फी दुपटीहून वाढवून मुलांना त्या विषयांपासून दूर ढकललं. पण उत्पन्नाशी बांधलेला हप्ता ही घेण्यासारखी गोष्ट आहे. पहिली पाच वर्षं कमी कमावणाऱ्या बीएवाल्याला तिचा जितका उपयोग, तितका अभियंत्यालाही नाही.

पैसा किती यापेक्षा तो कधी येतो, हेही तितकंच जाचतं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, १९८६ पासूनचं. मराठवाड्यातल्या दुष्काळी भागात सामाजिक शास्त्रं शिकवणारी अशी जागा विरळाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला. शिष्यवृत्तीधारक अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना फीमध्ये मिळणारी सूट बंद झाली होती. शिष्यवृत्ती मंजूर असते, ती खात्यावर येते मागाहून, कधी वर्ष सरल्यावर. वसतिगृह आणि मेसचे पैसे मात्र आधी भरायचे. मधल्या महिन्यांसाठी बाप सावकाराकडं जातो. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्या टेबलावर अडला हे बघत बसलेल्या प्रत्येक घराला हे माहीत आहे.

मुलींचा हिशेब वेगळा. तिच्यापुढचा दुसरा पर्याय पुष्कळ घरांत कारखाना नसतो, लग्न असतं. बारावीनंतर केडगावच्या किंवा उरुळीच्या महाविद्यालयात नाव घातलं, की ‘ती शिकतेय’ एवढं एक वाक्य तिला तीन वर्षं मिळवून देतं. त्या तीन वर्षांची किंमत रुपयांत काढता येणार नाही आणि काढूही नये. ज्या घरात मुलगी कला शाखा मागते आणि महाविद्यालय पासाच्या अंतरावर आहे, तिथं नफातोटा बघत न बसता तिला पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

केडगावचं नाव आलंच आहे. कासुर्डीहून तासाभराच्याही आत तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या बायका-मुलींना रमाबाईंनी तिथं अक्षरओळख दिली आणि हाताला काम दिलं. त्यात छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पुरा झाला. उलटा खिळा सरळ वाचत ओळ लावायची, मुद्रितं तपासायची, काना-मात्रा चुकला की ओळ मोडून पुन्हा लावायची. भाषेचं शिक्षण आणि पोटाचा धंदा एकाच खोलीत चालला होता. पलीकडं साताऱ्यात भाऊराव पाटील वसतिगृहातल्या पोरांना शेतात, बांधकामावर राबवून शिकवत होते आणि १९४७ मध्ये त्यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभारलं ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. पुणे विद्यापीठाची त्याच नावाची योजना आजही चालू आहे, पण तिच्यातली कामं फार करून ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, कार्यालयातले कागद आणि आवारातली झाडं यांच्यापुढं जात नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणानं आता बीएच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक घातले आहेत. दौंड-शिरूरच्या महाविद्यालयांना ही संधी आहे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत सुरक्षेच्या सूचना मराठीत नीट लिहिणारं माणूस लागतं. नगरपालिकेला, सहकारी बँकेला, न्यायालयाला, साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला नोंदी आणि पत्रव्यवहार शुद्ध करणारं माणूस लागतं. जवळच्या भुलेश्वराच्या देवळापाशी येणाऱ्यांना शिल्पं समजावून सांगणारं माणूस लागतं. हे काम दुसऱ्या वर्षापासून मिळालं, थोडे पैसे पडले, तर न मिळालेल्या मजुरीतली तूट आपोआप कमी होते. चौथं वर्ष मात्र ज्याला पुढं संशोधनाकडं किंवा एमएकडं जायचं आहे त्यानंच घ्यावं. बाकीच्यांनी तीन वर्षांवर बाहेर पडावं. ती सोय धोरणातच आहे.

तर किती कर्ज काढावं? माझं उत्तर सरकारच्याच आकड्यावरून निघतं. पदवीनं वाढवून दिलेल्या ४,००० रुपयांत ११ टक्क्यांनी पाच वर्षांत फिटेल, अशी रक्कम सुमारे १ लाख ८४ हजार येते. कुणाच्याही नावावर असो, सोसायटीचं, पतसंस्थेचं, मामाचं, बचत गटाचं मिळून, बीए आणि त्यापुढची तयारी यांसाठी कर्ज याच्या वर जाऊ नये. घरून ये-जा करून पदवी घेतली, तर ही रक्कम जवळजवळ शाबूत राहते आणि पुण्यातल्या तयारीला अठरा महिने ती पुरते. अठरा महिने संपले, की परत यावं, काम धरावं आणि परीक्षा द्यायची तर कामावर असताना द्यावी. हे घरात आधी बोलून ठरवावं, पोरगं पुण्याला जायच्या आधी, थोरला आणि आई दोघंही समोर असताना.

महाविद्यालयांकडं एकच मागणं आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थी पुढं काय करतात याची माहिती तुम्ही गोळा करताच. त्यासाठी निकषही आहे. ती माहिती फायलीत राहते. तीन वर्षांपूर्वी बीए झालेली मुलं-मुली आज कुठं आहेत, किती जण नोकरीत, किती शेतीत, किती अजून तयारी करतायत, त्यांना महिन्याला साधारण काय मिळतं, हे एका कागदावर मराठीत लिहून प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावा. पुढच्या जूनपासून लावा.